लांब बाही

म्हाताऱ्या शिंप्याच्या जावयाने सोसायटीत जुन्या कपड्यांच्या अदलाबदलीचा आणि डागडुजीचा वर्ग भरवला. सासऱ्यांनी थरथरत्या हातांनी शिवून दिलेलं, एक बाही लांब झालेलं जाकीट त्याने बायकोच्या नकळत ढिगाच्या तळाशी सारलं. पण शिकवणाऱ्या बाईंनी ऐनवेळी टांग दिली, तशी बायको आपल्या वडिलांनाच घेऊन आली.

सासऱ्यांनी ढीग उपसला आणि नेमकं तेच बाहेर काढलं.

"अगंबाई, कोरं करकरीत! कुणाला एवढा माज आलाय?" शेजारीण म्हणाली. जावई दुसऱ्याच कपड्यांच्या घड्या घालू लागला.

सासऱ्यांनी बाहीवरून हात फिरवला. "देणाऱ्याला कशाला बोल लावता, ताई? शिंप्याचाच हात चुकलाय. आज हेच उसवून शिकू."

मग मान वर न करता त्यांनी हाक मारली,



"जावईबापू, बाही जरा धरता का?"