सूतभर फट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मृण्मयी लॅपटॉपपुढून उठली नाही, तेव्हापासून सासूबाईंनी अबोला धरला होता. बोलायचंच झालं, तर भानुमतीबाई भिंतीकडं बघून बोलायच्या.

मे महिन्यात मृण्मयीनं घरांची चित्रं काढायच्या त्या लॅपटॉपला जास्त ताकदीचं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं, आणि तो तव्यासारखा तापून घडीघडी बंद पडायला लागला. आतली उष्णता खेचणारी पेस्ट बदलली, पंखा साफ केला, गुण येईना. शेवटी घरातला एकुलता एक कूलर तिनं हॉलमधून उचलून आपल्या खोलीत, लॅपटॉपपुढं लावला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी भानुमतीबाई कापूस घेऊन त्याच खोलीत वाती वळायला बसल्या, भिंतीकडं तोंड करून. आठव्या दिवशी पडद्यावरचं घर बघून म्हणाल्या, "सैपाकघर लई अंधारं केलंस गं." मृण्मयीनं तिथं खिडकी काढली.

महिनाअखेर पैठण गेटचा लॅपटॉप दुरुस्त करणारा झीशान घरी आला आणि लॅपटॉप खोलून बसला. "मॅडम, वरची गरमी ओढून घेणारी तांब्याची पट्टी नवीन कार्डाला टेकतच नव्हती. सूतभर फट होती, भरून टाकली. आता कूलर खुशाल हॉलमध्ये न्या," असं खणखणीत सांगून तो गेला.

कूलर घरघरत होता; भानुमतीबाईंनी पुढची वात वळायला घेतली.

"काय म्हणाला हो तो, आई?"


"काय की बाई, ह्या कूलरच्या आवाजात मला काय ऐकूच आलं नाय."