एकतीस मीटर

जन्मभर अपघातांची मोजमापे घेतलेले बाबा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच टेप घेऊन रस्त्यावर उतरले. परवा याच वळणावर त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून ट्रकवर आदळून जागीच गेला होता. टेपचे दुसरे टोक मुलीने धरले. “ट्रकच्या ब्रेकची रेघ चार मीटर, आपली एकतीस,” टायरच्या रेघेजवळून उठत बाबा म्हणाले. “पोरगा वेगमर्यादेत असता तर निम्म्यातच थांबला असता.” सोबत आलेले काका तडकले. “दादा, वेगाने सगळेच चालवतात, सगळे मरतात का? ट्रकवाला कोठडीत आहे, राहू दे की. गेलेल्या पोरावर कशाला खापर फोडतोस?” “खापर नाही रे, अंतर आहे.” बाबांनी आकडे लिहून खाली सही केली. मुलीने पाहिले, अक्षर जराही हलले नव्हते. तो कागद द्यायला ते पोलीस चौकीवर गेले. बाहेर बसलेली ट्रकवाल्याची बायको त्यांना पाहून घाबरून उठली. “बसा, ताई,” बाबा म्हणाले. “तुमच्या माणसाने ब्रेक वेळेवर दाबला होता.”