गाडीतला चहा

उत्तमरावांनी मागच्या दारातून आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"बाई, ही गाडी नाही. हे घर आहे."

पंचफुला तेलगोटे कागद हातात धरून उभी होती. इंग्लंडातल्या इस्पितळात सहा वर्षं सिस्टर म्हणून नोकरी करून ती कायमची परत आली होती, आणि येताना ही गाडी जहाजातून मुंबईला उतरवली होती. पुढे दोघांना बसायची जागा. मागे पलंग, पाण्याची टाकी, रॉकेलचा स्टोव्ह, खिडक्यांना पडदे. मुंबईत मिळालेल्या तात्पुरत्या नंबराची मुदत आज संपत होती. मोटार इन्स्पेक्टर उत्तमराव अमरावतीहून अकोल्याला महिन्यातून एकदाच येत, निंबाखाली टेबल मांडून बसत. आज शिक्का बसला नाही तर गाडी महिनाभर उभी राहणार होती. आणि सोमवारपासून तिला अंजनगाव सुर्जीच्या बाजूची बारा खेडी हिंडून क्षयाचे रोगी तपासायचे होते. मुक्कामाला खोली तिने तीन गावांत विचारून पाहिली होती. तिन्ही ठिकाणी आधी आडनाव विचारलं गेलं, मग खोली नव्हती.

"इंजिन आहे," ती म्हणाली. "चेसिसवर नंबर आहे. ब्रेक तुम्ही आत्ताच पाहिलेत. ताशी वीस मैलांवरून तीस फुटांत थांबली."

"ब्रेक काय, जात्यालाही बसवता येईल. पलंग, चूल, मोरी, याला काय म्हणतात? माझ्याकडे मोटार आहे, लॉरी आहे, बस आहे. घराचा रकाना नाही. पुढच्या महिन्यात या, तोवर वर विचारतो."

"घरपट्टी लावा साहेब!" लॉऱ्यांच्या रांगेतून कोणी ओरडलं. मागचे हसले.

पंचफुलाचे वडील जानराव चपला काढून गाडीच्या पायरीशी उभे होते. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं साहेबांपुढे असंच उभं राहायची सवय होती.

"हात जोड वो माय," ते हळूच म्हणाले. "काहून तोंडी लागून राहिली?"

"थांबा ना, बाबा."

उत्तमराव अर्ज वाचत होते. "तेलगोटे. कुठले तेलगोटे?"

"जुन्या शहरातले, साहेब," जानराव म्हणाले, आणि मग मान थोडी वर करून, "छप्पन साली दीक्षा घेतली आमी."

उत्तमरावांनी अर्ज दोन बोटांनी टेबलावर ठेवला. त्यांची नजर पुन्हा गाडीत गेली. स्टोव्हच्या वरच्या फळीवर बुद्धाची वीतभर मूर्ती होती. मघाशी ती त्यांना दिसली नव्हती.

पंचफुलानेही ती नजर पाहिली. ती गाडीत चढली, स्टोव्हला पंप मारला. ज्योत आधी पिवळी भडकली, मग निळी होऊन बसली. पाणी उकळेपर्यंत ती त्याच्याकडेच बघत राहिली. चहा, साखर, दुधाची भुकटी. भिंतीला चार खुंट्या होत्या आणि चार पांढरे कप. तिने एक काढला.

चहा घेऊन ती पायरीवर आली आणि कप पुढे केला.

"घ्या."

"हे कशाला?"

"घर आहे म्हणालात. घरी आलेल्याला आम्ही चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. या घरातले पहिले पाहुणे तुम्ही."

उत्तमरावांचा हात टेबलावरून उठला नाही. लॉऱ्यांच्या रांगेतलं हसणं थांबलं. नाही म्हणावं, तर पंधरा माणसं ऐकत होती आणि अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा नवा असला तरी सगळ्यांना ठाऊक होता. हो म्हणावं, तर तीच पंधरा माणसं संध्याकाळपर्यंत सांगत सुटली असती, की उत्तमराव तेलगोट्यांच्या घरी चहा प्यायले.

कपातून वाफ येत होती. पंचफुलाचा हात स्थिर होता. सहा वर्षं तिने याहून जड गोष्टी न सांडता नेल्या होत्या.

"आता बघा," उत्तमराव म्हणाले, जरा मोठ्याने, रांगेला ऐकू जाईल असं. "रेल्वेतही माणूस झोपतो. रेल्वेतही चहा पितो. करणारा कोण, कुठला, आपण विचारतो का? प्रवासात सगळं चालतं."

"मंग गाडीच म्हना ना, साहेब!" रांगेतून आवाज आला.

"गाडीच आहे! मी कधी नाही म्हटलं?"

त्यांनी अर्ज ओढला, टाक उचलला आणि रकान्यात लिहिलं : मोटार, खाजगी. खाली सही केली. शिक्का दोनदा मारला, कारण पहिला पुसट उठला होता. शाई वाळल्यावरच कपाला हात लावला.

चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला, मोठे घोट घेत. "बरा झाला," ते म्हणाले. रिकामा कप हातात घेऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तो कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना. पंचफुलाने हात पुढे करून घेतला.

गाडी मोर्णा नदीच्या पुलाकडे निघण्याआधी जानराव मागे चढले. टाकीचा नळ सोडून त्यांनी कप विसळला आणि खुंट्यांसमोर थांबले.

"पंचफुले, साहेबाचा कप येगळा ठेवू काय?"

पुढून तिचं हसणं ऐकू आलं आणि इंजिन सुरू झालं. जानरावांनी कप पुसून रिकाम्या खुंटीला अडकवला. पहिल्याच वळणावर चारही कप एकदम हलले, आणि त्यातला साहेबांचा कोणता, हे बघायला ते थांबले नाहीत.