लांबचा नंबर

"आजोबा, पडलात!" चिमणीने टाळी वाजवली आणि त्याचं तोंड बघून पटकन हात मागे घेतले.

चारच मिनिटांत! चष्मेवाल्याने हेडफोन काढून टेबलावर आपटले. पडद्यावर त्याचं विमान धूर सोडत खाली चाललं होतं.

दर रविवारी दुपारी आठ जण आपापल्या घरून कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवायचे. चार विरुद्ध चार. खेळ चालवणाऱ्याला सगळे पंच म्हणत. पंचाचा पहिला नियम असा, की कुणाला खरं नाव विचारायचं नाही आणि काम काय करता तेही विचारायचं नाही. "साहेब आहे कळलं की लोक मुद्दाम हरतात, शिपाई आहे कळलं की मुद्दाम हरवतात," तो म्हणायचा. चष्मेवाला नुसता ऐकायचा, बोलायचा नाही, म्हणून तिथे त्याचं नाव मुका पडलं होतं.

आणि समोर गरुड, घरी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लांबून खेळणारा. सामना सुरू होताना तो गरजायचा, "पट्टे आवळा रे पोरांनो, निघालो!" की पुढची सगळी लढाई त्याचीच. या खेळात खरं काम डोळ्यांचं. लांब आभाळात एक ठिपका असतो, तो ज्याला आधी दिसला तो जिंकला. गरुडाला नेहमी आधी दिसायचा, लेकाच्याला!

पंचाने काय नाही केलं? गरुडाच्या बाजूला तीन ठेवले, समोर पाच. त्याला जुनं, जड विमान दिलं. तरी तेच. शेवटी पंच वैतागला. "एकतर्फी मार बघायला मी बसलेलो नाही. पुढचा सामना बरोबरीचा झाला नाही, तर खेळ बंद. कायमचा."

बायको गेल्यापासून आठवड्यातली एवढी एकच दुपार चष्मेवाल्याची होती. शेजारी खुर्चीवर नात, आभाळातले ठिपके शोधत बसलेली. तिच्या डोळ्यांदेखत एकदा तरी जिंकायचं होतं त्याला.

मंगळवारी त्याच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हसरा माणूस. जुना चष्मा पायाखाली आला होता म्हणे. चष्मेवाल्याने नवी फ्रेम त्याच्या नाकावर बसवली, तसा तो आरशातल्या स्वतःलाच म्हणाला, "पट्टे आवळा रे पोरांनो!"

चष्मेवाल्याच्या हातातून पेचकस खाली पडला.

तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आधी एकच विचारत आला होता, काम काय करता? त्यावरून तर काच ठरते. आज ओठांवर आलेला तो प्रश्न त्याने गिळला. नियम म्हणजे नियम.

"मला लांबचं नीट दिसायला हवं हं," गिऱ्हाईक म्हणालं. "कामच असं आहे की..."

"राहू द्या, राहू द्या. नंबर कळला, पुरे."

नंबर निघाला दोन. चष्मेवाल्याने चिठ्ठीवर लिहिला सव्वा. यात अन्याय कसला? सात जणांना दिसतं तेवढंच आठव्याला दिसेल, झालं! असं तो मनाशी म्हणाला खरा, पण चिठ्ठी त्याने पटकन उलटी ठेवली.

गुरुवारी चष्मा देताना त्याने सांगितलं, "थोडे दिवस धुरकट वाटेल. मग डोळे सरावतील."

"तुम्ही म्हणाल तसं. आता डोळे तुमच्या हवाली!" माणूस हसत गेला.

रविवार उजाडला. चिमणीची बडबड चालूच होती. "आजोबा, शुक्रवारी आमची बस शाळेच्या फाटकाला घासली. सगळे किंचाळलो! मज्जा आली."

"हं, हं. ठिपका दिसला की सांग."

गरुड नेहमीसारखाच गरजला. पण मग त्याचा आवाज बारीक झाला. "कुठे गेला रे? आत्ता तर इथेच..." मुका त्याच्या मागेच होता. त्याने बटण दाबलं.

"पाडलं! आजोबांनी पाडलं!" चिमणी खुर्चीवर उभी राहून नाचायला लागली. दिवसाचा हिशेब, दोन्ही बाजूंना चार-चार फेऱ्या. "याला म्हणतात तोल!" पंच ओरडला. "खेळ चालू राहणार!"

"वा रे मुक्या!" गरुडाने दाद दिली. "नवा चष्मा आहे, सवय व्हायचीय. तोवर घे जिंकून."

चष्मेवाल्याला कुठेतरी टोचलं. पण चिमणी गळ्यात पडली आणि तो विसरला.

सोमवारी सकाळी सुनेला ताप भरला. "बाबा, आज तुम्ही सोडता का चिमणीला बसपर्यंत?" तिने अंथरुणातूनच विचारलं. रोज तीच जायची.

बाहेर दाट धुकं होतं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. शेजारची एक आई आपल्या मुलाचा हात धरून उभी होती. धुक्यातून दोन पिवळे दिवे आले, बसचं पुढचं चाक फूटपाथवर चढलं, आणि सगळे मागे सरले.

"धुक्यात हळू नेतो ना हा?" चष्मेवाल्याने विचारलं.

"काका फार जपून चालवतात हो. वीस वर्षांत साधा ओरखडा नाही. आता नदीवरच्या पुलाचा कठडा काढलाय, तेवढीच काय ती धास्ती."

चिमणी पहिल्याच बाकावर बसली. खिडकीवरची वाफ पुसून तिने हाताचं विमान केलं आणि झपकन खाली पाडलं. चष्मेवाला हसला, त्यानेही हात हलवला. दार बंद झालं. बस धुक्याकडे वळली आणि पुढच्या उघड्या खिडकीतून गडगडाटी आवाज आला, "पट्टे आवळा रे पोरांनो, निघालो!"