हिच्या वडिलांची कावीळ

क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन महिना होत नाही तोच रेवतीचे डोळे पिवळेधमक झाले.

"गोळ्यांनी लिव्हर सुजलंय. वेळीच थांबवल्यात, पोरगी वाचेल," डॉक्टर तिच्या आईला, इंदुबाईंना म्हणाले. "काहींना ही औषधं जन्मतःच सोसत नाहीत. आईबापांकडून येतं ते. घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"हिच्या वडिलांना. याच गोळ्या चालू होत्या. लोक म्हणाले, दारूनं गेले."

"प्यायचे?"

इंदुबाईंनी रेवतीच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहिलं. नवरा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, पीत नाही म्हणून शपथा घ्यायचा, तरी त्यांना ते पटलं नव्हतं. शेवटचे चार दिवस त्या दवाखान्यात फिरकल्याही नव्हत्या. तो एकटाच गेला.

"नाही हो," अकरा वर्षांनी त्या पहिल्यांदा म्हणाल्या. "थेंबसुद्धा नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. इंदुबाई तिथंच उभ्या राहिल्या.