चाव्या देण्याचा दिवस

आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याच्या घराण्यात चाव्या मुलांच्या हाती दिल्या, की देणारा दुसरा दिवस बघत नसे. त्याचे आजोबा चाव्या देऊन जेवायला बसले, ते उठलेच नाहीत. वडिलांनी चाव्या पुढे केल्या आणि हात मागे घ्यायचा राहूनच गेला. खोटं कशाला सांगू? म्हणून ब्याऐंशी उलटली तरी म्हाताऱ्याने सगळं मुठीत धरलेलं.

"बाबा, मी साठीला टेकले," एकुलती एक लेक म्हणाली. "चाव्या मला कधी देणार? माझ्या कवळीबरोबर?"

ते त्याला लागलं. तो वकिलाकडे गेला. दुकान, घर, बँकेतली ठेव, सगळं लेकीच्या नावावर केलं. उद्याचा दिवसच नाही, तर ठेवायचं कुणासाठी? घरी येऊन चाव्या तिच्या हाती दिल्या, धुतलेला शर्ट घातला, छातीवर हात ठेवले आणि डोळे मिटून पडला.

सकाळी जाग आली. नाडी पाहिली, ती ठणठणीत.

बाहेरून लेक म्हणाली, "बाबा, दुकानाला गिऱ्हाईक मिळालं हो! घराचंही मिळेल महिन्याभरात. तुमचं काय ठरलंय?"

म्हाताऱ्याची पाचावर धारण बसली. त्याने डोळे पुन्हा गच्च मिटले आणि श्वास रोखून धरला.