संध्याकाळचा घास

शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा कुत्रा आठवडाभर संध्याकाळचं खाल्लं की लगेच ओकत होता. तिचा जीव टांगणीला लागला. शेवटी ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. "अन्न जसंच्या तसं पडतं ना? मग आजार नाही हा. न चावता गिळतोय तो. सकाळी नीट खातो?"

"हो, सकाळी काहीच त्रास नाही."

"मग संध्याकाळी कुणाला घाबरतो का?"

"छे हो! घरात आम्ही तिघंच. मी, हे आणि मुलगी."

त्या संध्याकाळी तिने मुलीला ताट वाढलं, कुत्र्यापुढे वाडगं ठेवलं. तेवढ्यात जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजली. कुत्रा वाडग्यावर तुटून पडला. तिने दचकून मुलीकडे पाहिलं. सात वर्षांची पोर दाराकडे डोळे लावून, न चावता, दोन्ही हातांनी घास कोंबत होती.

बाई उठली आणि तिने दाराला आतून कडी घातली. बाहेरून पहिली थाप पडली, तेव्हा ती मुलीशेजारी येऊन बसली होती.

"सावकाश जेव गं, बाळा," ती म्हणाली. ती जागची हलली नाही.